वजन, हेल्मेटसकट

परबांच्या तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर गेलेला एकही डबा रिकामा परत येत नव्हता, आणि परबांची सगळी पंचाईत तिथेच होती.

उपकार परबांवर झाला होता. मार्चमधल्या एका संध्याकाळी रत्नप्रभाबाईंना दम्याची उबळ आली. इनहेलर दाबला तर तो रिकामा. त्यांचा मुलगा राजेश स्कूटर काढून मुलुंडच्या औषधाच्या दुकानाकडे निघाला, पण नाहूरचा रस्ता तेव्हा खोदलेला होता. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडल्या पडल्या तो एक डंपर आणि एक शाळेची बस यांच्यामध्ये अडकला. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची संघमित्रा सायकलवरून कामाहून परतत होती. राजेशच्या बायकोने, मृणालिनीने, तिला फाटकातच गाठून औषधाचं नाव सांगितलं. संघमित्रा आली तशीच वळली आणि खडीच्या ढिगांवरून, फुटपाथवरून, गटाराच्या लाद्यांवरून दिसेनाशी झाली. राजेश स्कूटर कशीबशी वळवून घरी पोचला तेव्हा त्याची आई पलंगावर बसून, नवा इनहेलर मुठीत धरून संघमित्राला विचारत होती, "तू मासे खातंस मा?"

पुढच्याच रविवारी रत्नप्रभाबाईंनी कोंबडी-वडे वर पाठवले. डबा परत आला तो धपाट्यांनी भरून. संघमित्राची आई शांताबाई मूळच्या परभणीच्या, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हा नियम त्यांच्याकडेही परबांच्या मालवणइतकाच कडक होता. रत्नप्रभाबाईंनी खापरोळ्या पाठवल्या, तर शेंगदाण्याची चटणी आली. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार पाठवलं, तर पुरणपोळ्या आल्या.

"जीव तिना वाचवल्यान," रत्नप्रभाबाई पुरणपोळीवर तूप घालत म्हणाल्या, "आणि खाताव पण आपणच."

त्यातून संघमित्रा स्वतः तळलेलं खात नव्हती, विकतचं गोडही खात नव्हती. येऊरच्या डोंगरात सायकलींची शर्यत होती आणि ती तिची तयारी करत होती. पंचविशीच्या आतल्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. पहिल्या दहांत आली तर राज्याच्या संघाच्या निवड शिबिराला बोलावणार होते. मागच्या वर्षी अर्ध्या वाटेत तिची चेन तुटली होती. यंदा ती पाणीसुद्धा मोजून पीत होती. अशा मुलीचे आभार मानायचे तरी कसे?

म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती सायकल घेऊन दारात उभी राहिली आणि "काका, एक काम होतं," म्हणाली, तेव्हा राजेश जवळजवळ ओरडलाच.

"काम? बोल ना! बोल!"

"लिफ्ट दुरुस्तीला काढलीय. सायकल पाच मजले उचलून न्यायची आणि पहाटे परत खाली आणायची म्हणजे उद्या पायात काही उरणार नाही. आजचा दिवस तुमच्या हॉलमध्ये ठेवू का? पहाटे टेम्पो येतोय."

"अगं, आजचा काय, कायमची ठेव."

संघमित्रा हसून वर गेली. रत्नप्रभाबाई सायकलीभोवती एक फेरी मारून आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"आता ही आपल्या घरात इली हा. रिकामी परत जाता कामा नये."

"आई, सायकल आहे ती. डबा नाही."

"मगे तिच्यात काय भरतत?"

"हवा."

"मगे ती भर."

राजेशला यात काही चुकीचं वाटलं नाही. तो एका औषध कंपनीच्या गोदामात माल पाठवण्याच्या खात्यात होता, आणि कुठलीही गोष्ट पाठवण्याआधी ती नीट भरून, पुसून, झाकण घट्ट करून पाठवावी अशी त्याची सवय होती. त्याने सायकल पुसली. चेनला तेल दिलं. मग चाकं दाबून पाहिली. ती दगडासारखी टणक होती. तिथे उपकार फेडायला काही जागा नव्हती.

तेवढ्यात त्याला पुढच्या शॉकअपच्या डाव्या नळीवर एक निळं टोपण दिसलं. त्यावर इंग्रजीत 'एअर' असं लिहिलं होतं.

"आई, इथे पण हवा भरायची सोय आहे."

"बघ! आणि तू नको म्हणत होतंस."

टोपणाखालचा व्हॉल्व्ह अगदी स्कूटरच्या चाकाला असतो तसाच होता. राजेशने पायाने मारायचा जुना पंप आणला, नळी व्हॉल्व्हवर दाबली आणि कडी लावली. आतून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मग सायकल पुढच्या बाजूने सावकाश खाली गेली.

"बघ, पाया पडता," रत्नप्रभाबाई कौतुकाने म्हणाल्या.

राजेशने घाबरून नळी ओढली. राहिलेली हवाही गेली. त्याने पुन्हा नळी लावली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून, घाम येईपर्यंत पंप मारला. सायकलचं नाक हळूहळू वर आलं. त्याने नळी काढली. फुस्स. नाक खाली. हा प्रकार चौथ्यांदा चालू असताना दार उघडलं आणि मृणालिनी आत आली. ती घाटकोपरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि बारावीची प्रॅक्टिकल्स उरकून येत होती.

"काय चाललंय?"

"हवा भरतोय."

"कशात?"

राजेशने बोट दाखवलं. मृणालिनीने पर्स खाली ठेवली, टोपण पाहिलं, पंप पाहिला, आणि जमिनीवर बसली.

"राजेश, यात स्प्रिंगच्या जागी हवा असते. आतली पोकळी एवढीशी आणि दाब मोठा. तुझ्या पंपाची नळीच त्या पोकळीपेक्षा मोठी आहे. नळी लावलीस आणि आतली हवा नळीत आली."

"मग परत घालतोय ना."

"आणि काढताना परत बाहेर येतेय. बादलीने औषधाचे थेंब मोजतोयस तू. याला वेगळा पंप लागतो."

"उद्या पहाटे जायचंय तिला," राजेश म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मग आत्ताच वर जाऊन सांगू या."

"नको! वाट लागेल. झोपणार नाही ती. वर्षभर खपलीय यार ती या शर्यतीसाठी, आणि आदल्या दिवशी तिला सांगायचं की तुझ्या सायकलीतली हवा आम्ही आभार मानताना काढली?"

मृणालिनीला सांगायचंच होतं. पण हे वाक्य उच्चारायचं कसं, ते तिलाही सुचेना.

राजेशने मुलुंडच्या सायकलच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, शॉक पंप होता, पण तो मेकॅनिकबरोबर येऊरला गेला, उद्या शर्यत आहे ना. विक्रोळीला कारखान्याच्या वसाहतीत किरण म्हणून एक जण आहे, त्याच्याकडे मिळेल, पण तो कुणाला देत नाही.

किरण पन्नाशीचा, लुंगीतला गृहस्थ होता. त्याने राजेशला दारातच उभं केलं. राजेशने खोटं बोलायची तयारी करून ठेवली होती, पण धाप लागल्यामुळे सगळं खरंच बाहेर आलं. आईचा दमा, इनहेलर, डबे, हवा. किरणने आत जाऊन टॉवेलात गुंडाळलेला पंप आणला. वीतभर लांबीचा, बारीक नळीचा, आणि त्यावर दाब दाखवणारं केवढं तरी घड्याळ.

"एवढासा?"

"एवढासाच. चालवणाऱ्याचं वजन किती?"

"माझं?"

"तुम्ही उतरणार आहात का डोंगर?"

"नाही हो. मुलगी आहे, आमच्या बिल्डिंगमधली."

"मग तिचं. नुसतं नाही. बूट, हेल्मेट, पाणी, सगळं धरून. फोर्कच्या, म्हणजे त्या शॉकअपच्याच, मागच्या बाजूला स्टिकर असतं, वजनासमोर दाब लिहिलेला. अंदाजपंचे भरू नका. जास्त झाली तर उतारावर हँडल हातात राहणार नाही. कमी झाली तर पोरगी तोंडावर आपटेल."

राजेश तो पंप छातीशी धरून घरी आला.

"वजन," मृणालिनी म्हणाली. "आता चोवीस वर्षांच्या मुलीला जाऊन वजन विचार."

"तू विचार ना. बाई आहेस."

"आणि का विचारतेय ते काय सांगू?"

"त्यात काय इचारूचा?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पापलेट हातात घेतल्यार मी वजन सांगतंय. सत्तेचाळीस."

"साठ तरी असेल," राजेश म्हणाला. "सायकलवाली आहे. पाय बघितलेस का?"

"सत्तेचाळीस आणि साठ यांच्यामध्ये ती तोंडावर आपटते," मृणालिनी म्हणाली.

रत्नप्रभाबाईंनी थोडा वेळ विचार केला. मग फोन उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत पाचव्या मजल्यावर लावला.

"बाय संघमित्रा, जरा खाली येशीत? मी नवस बोललंय. बरी झालंय तर तुका गुळान तोलतलंय म्हणान. आजच करूक होयो. आईक पण आण."

फोन ठेवल्यावर राजेश आणि मृणालिनी दोघंही त्यांच्याकडे बघत राहिली.

"आई, असला नवस तू कधी बोललीस?"

"आत्ताच नाय काय बोललंय? मगे नवस झालो. खोटो खंय?"

"म्हणजे गूळ आणायचा?"

"देवाक सांगलंय. आता आणूकच होयो."

सायकलवर घाईघाईने चादर टाकली गेली. संघमित्रा आणि शांताबाई आल्या तेव्हा हॉलच्या मधोमध वजनकाटा होता, आणि त्याच्यामागे चादरीखाली काहीतरी वाकून उभं होतं.

"जय भीम, ताई," शांताबाई बसत म्हणाल्या. "आमच्यात नवस-बिवस नसतं, तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक हा ना. नवस माझो, गूळ माझो. तुमच्या चेडवान फक्त काट्यार उभा ऱ्हवाचा."

शांताबाईंनी थोडं आढ्याकडे पाहिलं. "उभं राहायला काय हरकत नाही."

संघमित्राने चपला काढल्या.

"चपला नको," मृणालिनी पटकन म्हणाली. "बूट घाल. सायकलचे."

"बूट घालून वजन?"

"आणि हेल्मेट," राजेश म्हणाला.

संघमित्राने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"उघड्या डोक्यान तोलूचा नसता," रत्नप्रभाबाई ठामपणे म्हणाल्या. "डोक्यार काय तरी होयाच."

"पाण्याची बाटली पण लागेल," मृणालिनी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "भरलेली."

"ताई, तुमच्या कोकणात अशी पद्धत असते?" शांताबाईंनी विचारलं.

"असता."

संघमित्राची नजर चादरीवर गेली. चादरीखालून पुढच्या चाकाचा थोडासा भाग दिसत होता.

"मग गुडघ्याचे पॅडपण घालते," ती म्हणाली, आणि पाच मजले चढून, पाच मजले उतरून, युद्धाला निघाल्यासारखी सजून परत आली. काटा सत्तावन्नावर थांबला. राजेशने तो आकडा मनात तीनदा घोकला.

"सत्तावन्न किलो गूळ," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तू गोड खाणंस नाय, माका ठाऊक हा. पण नाय म्हणू नको."

"गूळ खाते की मी," संघमित्रा म्हणाली. "चढावर गुळाचा खडाच लागतो तोंडात. आमचा अख्खा ग्रुप खातो. द्या ना."

रत्नप्रभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मार्चपासून पहिल्यांदाच ती मुलगी त्यांच्याकडे काहीतरी मागत होती.

मायलेकी वर गेल्यावर चादर उडाली. स्टिकरवर सत्तावन्न किलोसमोर सत्तर लिहिलं होतं. राजेशने किरणचा पंप व्हॉल्व्हवर फिरवून घट्ट बसवला आणि मारायला सुरुवात केली. काटा झरझर चढला. सायकल उठून उभी राहिली. सत्तर. त्याने नळी सोडवली. फिस्स.

"गेली!"

त्याने पुन्हा लावून पाहिलं. काटा बासष्टवर होता. पुन्हा सत्तर केलं, काढलं, फिस्स, पुन्हा लावलं. बासष्ट.

"गळतंय," मृणालिनी म्हणाली. "आतली रबरी रिंग गेली बहुतेक."

मृणालिनी असं इतक्या शांतपणे म्हणाली की राजेशने विश्वास ठेवला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. थोड्या वेळाने उठून त्याने पुन्हा सत्तर केलं. पुन्हा पाहिलं. बासष्ट. पुन्हा सत्तर, पुन्हा बासष्ट. रत्नप्रभाबाई मधूनमधून "गजालीच जास्त, हवा कमी" असं म्हणत होत्या. राजेशच्या तळहाताला फोड आला.

"आता मात्र वर जाऊन सांगू या," मृणालिनी चपला घालत म्हणाली. आणि एक चप्पल पायात, एक हातात, अशी दारातच थांबली. "राजेश, दर वेळी बासष्टच का रे?"

"म्हणजे?"

"गळत असतं तर एकदा साठ, एकदा पंचावन्न, असं काहीतरी झालं असतं. हे मोजून तेवढंच कमी होतंय." ती परत आली. "तू काढतोस तेव्हा जो आवाज येतो ना, ती नळीतली हवा. शॉकअपमधली नाही. आत सत्तरच असतं. मग तू तपासायला नळी लावतोस. नळी रिकामी असते. ती आतून आपल्यापुरती हवा घेते. म्हणून बासष्ट."

"मी नुसता बघत होतो!"

"बघतोस म्हणूनच कमी होतंय."

राजेशला हे पटायला वेळ लागला. "म्हणजे सत्तर केल्यावर बघायचंच नाही?"

"नाही."

"आणि बरोबर आहे हे कसं कळणार?"

"कळणार नाही. विश्वास ठेवायचा," मृणालिनी म्हणाली, आणि मग फिजिक्सच्या माणसाला हे शोभत नाही असं वाटून, "आणि रबरी रिंगचं मी चुकले," असंही म्हणाली.

राजेशने शेवटचं सत्तर केलं, नळी सोडवली आणि निळं टोपण लावलं. त्यानंतर घरातल्या तिघांनीही सायकलकडे पाठ करून जेवण केलं.

रविवारी सकाळी रत्नप्रभाबाईंनी राजेशला भांडुपच्या बाजारात पाठवलं. गुळाच्या ढेपा रिक्षातून आल्या आणि हॉलमध्ये एकावर एक रचल्या गेल्या. मग तिघं जण त्या ढेपांसमोर बसून राहिले. फोन करायचा धीर कुणालाच होत नव्हता. दुपारी फाटकात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. संघमित्रा चिखलाने माखलेली सायकल ढकलत आत आली. तिच्या हनुवटीलाही चिखल होता. राजेशने आधी तिचे दात मोजले.

"नववी," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"नववी आले काका! पहिल्या दहांत! शिबिराला बोलावलंय!"

रत्नप्रभाबाईंनी तिला चिखलासकट मिठीत घेतलं. राजेशला आनंद झाला, पण त्याच्याच्याने कालचं गुपित पोटात ठेवून बसवेना. "संघमित्रा," तो म्हणाला, "काल आम्ही तुझी सायकल बिघडवली. म्हणजे मी. शॉकअपमधली हवा मी काढली. म्हणजे भरत होतो, पण निघाली. नवस नव्हताच. म्हणजे होता, पण नंतर झाला. तुझं वजन हवं होतं."

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"काल हेल्मेट म्हणालात ना, तेव्हाच कळलं. बूट, हेल्मेट, पाण्यासकट वजन माणसं एकाच कामासाठी करतात."

"मग तू बोलली का नाहीस?" मृणालिनीने विचारलं.

"आजी इतक्या मनापासून थाप मारत होत्या, मध्ये बोलवेना. म्हटलं, आपण गुडघ्याचे पॅड तेवढे घालू, नाहीतर यांचं गणित चुकायचं."

मृणालिनी हसायला लागली आणि मग तिला थांबता येईना.

"पण भरवसा कसा ठेवलास गं?" राजेश म्हणाला. "मी साधी टायरची हवा भरताना..."

"पहाटे बसून पाहिलं ना. अगदी बरोबर होती. नेहमीपेक्षा जराशी मऊ. मी भीतीने कडकच ठेवायचे. पण आज उताराला हात भरून आले नाहीत. थँक यू, काका. खरंच." तिने पाठीवरची बॅग उतरवली, आत हात घातला आणि एक पंप बाहेर काढला. वीतभर लांबीचा, बारीक नळीचा, वर केवढं तरी घड्याळ.

राजेश खाली ढेपेवर बसला. "हा तुझ्याकडे होता?"

"कपाटात असतो."

"मी विक्रोळीला जाऊन आलो."

"किरणकाकांकडे? आणि त्यांनी दिला? ते तर कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत." ती सायकलीपाशी बसून निळं टोपण काढायला लागली. "आता आठवडाभर विश्रांती मला. सायकल इथेच राहू दे. तुम्ही चालवा."

"मी? छे गं."

"अहो, मार्चमध्ये तुम्ही डंपरमागे अडकला होतात, ते बघवत नव्हतं. सांगा, वजन किती?"

"बहात्तर."

"एक्क्याऐंशी," मृणालिनी म्हणाली.

संघमित्राने एक्क्याऐंशीच्या हिशोबाने पंप मारला, नळी सोडवली, टोपण लावलं. राजेश बाहेर जाऊन सायकलवर बसला. कॉलेज सुटल्यापासून तो सायकलवर बसला नव्हता. पुढचं चाक दोनदा इकडेतिकडे झालं आणि मग सरळ झालं. त्याने इमारतीला एक फेरी घातली. गॅलरीतून रत्नप्रभाबाई ओरडल्या, "झिला, सावकाश!" मग त्याने दुसरी फेरी घातली आणि फाटकापाशी पाय टेकून थांबला. त्याच्या स्कूटरला रोज तिथे असा दणका बसायचा की डब्यातली आमटी सांडायची.

"अगं, फाटकातला गतिरोधक कधी काढला?" त्याने विचारलं.

"काढलेला नाही," मृणालिनी म्हणाली. "तू दोनदा त्याच्यावरून गेलास."

राजेशने मागे वळून पाहिलं. मग त्याने सायकल वळवली आणि तिसऱ्यांदा तिकडे निघाला.